दीपालीची मंडळी

"तुम्ही चोर हाव, साहेब! भुरटे न्हाई, दरोडेखोर. देवाच्या मेजावरनं आमच्या लेकराचा घास उचललाव, आणि वर आम्हालाच म्हणलाव, तिच्यासाठी प्रार्थना करा. मेज तुमच्या बापाचं हाय का? हाय का, सांगा की!"

बोकडानं चघळणं थांबवलं आणि उमाबाईकडं बघितलं.

"आसं म्हणते म्या त्यान्ला," उमाबाई त्याला म्हणाली. "लई जोरात झालं का?"

बोकडाला तसं काही वाटलं नसावं. तो पुन्हा चघळू लागला.

हे भाषण उमाबाई दोन वर्षं घोटत होती. भांडी घासताना, बाजारातनं येताना, कधी उपासनेत डोळे मिटून सगळे प्रार्थना करत असताना. चर्चच्या वरच्या ऑफिसातले मोठे साहेब उदगीरला आले की त्यांच्या तोंडावर मारायचं म्हणून. साहेब काही आले नाहीत. असले साहेब येत नसतात. ते फोन करतात.

दोन वर्षांमागं तसाच फोन आला होता. दीपालीनं बापाला सांगितलं होतं, तुम्ही बघितलेला बिदरचा पोरगा चांगला आहे, पण मला पोरगाच नको, माझा जीव एका बाईवर आहे. घरात झालेलं बोलणं आठवड्याच्या आत वर पोचलं. कुणी पोचवलं ते कधी कळलं नाही. आणि वरनं हुकूम सुटला: पोरगी सुधरेपर्यंत तिला प्रभुभोजन द्यायचं नाही. त्या रविवारी चंद्रप्पा, चर्चच्या मंडळीचा पंच आणि पोरीचा सख्खा बाप, द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे दोन्ही हातांत धरून रांगांतनं फिरला, आणि लेकीसमोर न थांबता पुढं गेला. दीपालीचा हात तसाच हवेत राहिला. त्याच दुपारी ती नांदेडला निघून गेली.

आई गेल्यावर ती पोर उमाबाईनंच वाढवलेली. भावाचा तो ट्रे त्या हातासमोर थांबलेला बघायचा, एवढं एकच तिला आता ह्या जन्मात उरलं होतं. बाकी मग साहेब जगो का मरो.

मागच्या आठवड्यात दीपालीचा फोन आला.

"आत्या, चर्चच्या हंगामाच्या सणाला येते. पण एकटी न्हाई हां. माझी मंडळी संगं हाय."

उमाबाईला कळायला श्वासभरही वेळ लागला नाही. ह्या घरात हा शब्द एकाच माणसासाठी होता. चंद्रप्पा आपल्या बायकोला जन्मभर 'आमची मंडळी' म्हणत आला. ती जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून जेवताना म्हणतो, आमच्या मंडळीला वांगं चालायचं न्हाई. पोरीनं बापाचाच शब्द उचलला होता. उमाबाई फोनवर इतकी हसली की चष्मा वरणात पडला.

मग तिनं भावाला निरोप दिला. शब्दाला शब्द, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

"दादा, दीपाली सणाला येणार हाय. तिची मंडळी घिऊन."

पण चंद्रप्पा पडला पंच. बायको सोडली तर मंडळी म्हणजे त्याच्यासाठी एकच, चर्चची मंडळी. तो खाटेवरनं उठून उभा राहिला.

"मंडळी घिऊन? आक्खी?"

"आक्खी म्हंजी, दादा..."

"नांदेडात मंडळीत जाती व्हय ती? सुधरली! उमे, पोरगी सुधरली! आणि एकटी न्हाई, आक्खी मंडळी आणून राहिली बापाच्या गावाला!"

आणि तो हसला. दोन वर्षांत त्याच्या मागच्या दाढा उमाबाईला दिसल्या नव्हत्या, त्या दिसल्या. खरं सांगायला तिनं तोंड उघडलंच होतं. तिनं ते मिटून घेतलं. मेलं, हसू दे की चार दिवस.

पण चंद्रप्पाचं हसण्यावर थांबेना. त्यानं रविवारी उपासनेत उभं राहून जाहीर केलं. बोकड घेतला. स्टेशनवरनं पाहुणे आणायला एक क्रूझर आणि दोन टमटम सांगितल्या, त्यांना फुगे बांधले. आणि चर्चच्या फाटकावर हा एवढा फ्लेक्स चढवला: 'नांदेडच्या प्रिय मंडळीचे सहर्ष स्वागत.' खाली शुभेच्छुक म्हणून त्याचा स्वतःचा गॉगलमधला फोटो. स्त्री-समाजाच्या भामाबाईला त्यानं सांगितलं, साठ माणसांचं रांधा, कमी पडलं तर माझी इज्जत जाईल.

उमाबाई आता रोज रात्री प्रार्थनेत देवाला म्हणायची, देवा, हे आता तूच बघ.

सणाच्या सकाळी गाडी उदगीरच्या फलाटावर थांबली. दीपाली उतरली. तिच्या मागनं एक उंच, दणकट बाई उतरली, गळ्यात शिट्टी, पाठीवर सॅक, हातात अर्धं खाल्लेलं कणीस. नांदेडच्या एका शाळेत पीटी शिकवणारी लुंबिनी. तिच्या मागनं एक म्हातारा उतरला, पण तो जवळच्या तोंडार गावचा निघाला.

चंद्रप्पा हार घेऊन डब्याच्या दारात वाकून बघत होता.

"मंडळी कुठं हाय?"

"ही काय, अप्पा," दीपाली म्हणाली.

"ही कोण?"

"माझी मंडळी."

"बरं, बरं. नमस्कार ताई. बाकीचे?"

"बाकीचे कोण, अप्पा?"

चंद्रप्पानं मागच्या डब्याकडं बघितलं, पुढच्या डब्याकडं बघितलं. गाडीनं शिट्टी दिली. लुंबिनीनं सवयीनं आपली शिट्टी चाचपली. गाडी निघून गेली. मोकळ्या रुळांकडं बघत चंद्रप्पा उभा, हातात झेंडूचा हार, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडायला लागलं.

"उमे..."

"म्या शब्दाला शब्द सांगितलं व्हतं, दादा," उमाबाई आभाळाकडं बघत म्हणाली.

क्रूझरचा ड्रायव्हर आला. "पंच, आजून किती जण उतरायचेत? दुसरं भाडं हाय मला."

वरात निघाली ती अशी. पुढं क्रूझर, तिच्यात ड्रायव्हरशेजारी दगडासारखा चंद्रप्पा. मागच्या सीटवर तिघी, आणि तिघींनाही हसू दाबून हुंदके यायला लागलेले. त्यामागं दोन टमटम, रिकाम्या, फुगे उडवत. बाजारातली माणसं थांबून बघत होती. एकानं विचारलं, "कुणाची मिरवणूक?" टमटमवाला म्हणाला, "मला न्हाई ठाऊक, पैसे दिलेत."

"अप्पांनी गॉगल कधी घेतला?" फाटकावरचा फ्लेक्स बघून दीपालीनं विचारलं, आणि तिथं मात्र लुंबिनीचं हसू फुटलं. असं हसू की चर्चच्या पिंपळावरची पाखरं उडाली. आवारात ताशा सुरू झाला. भामाबाई बायका घेऊन पुढं आली, ताटात हारांचा ढीग. तिनं एक हार लुंबिनीला घातला. दुसऱ्यासाठी माणूस शोधला, सापडला नाही, तोही लुंबिनीला घातला. मग तिसरा. सात-आठ हारांनंतर लुंबिनीचे फक्त डोळे दिसत होते.

"बाकीची मंडळी मागनं येऊन राहिली का?" भामाबाईनं विचारलं.

"मावशी, मीच मंडळी," हारांतून आवाज आला.

ते चर्चच्या मागच्या खोलीत पोचले तेव्हा पाळक रामकिशनचा झगा उलटा होता. भला माणूस, पण भित्रा. वरनं फोन आला की हा उभ्यानं घ्यायचा.

"पंच, हे काय करून ठिवलंत?"

"म्या काय केलं? फ्लेक्सवर माझा फोटू हाय! आक्ख्या उदगीरनं वाचलं!" चंद्रप्पा खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. "बाईला बाई! आणि वरनं ती बौद्ध!"

"आधी कशावर चिडायचं ते ठरव, दादा," उमाबाई म्हणाली. "दोन्हीवर एकदम चिडशील तर बीपी वाढंल."

"तू गप. तुझ्या जबानीनं झालंय हे."

"माझ्या? शब्द तुझा, अर्थ तुझा, फोटू तुझा. आमची मंडळी, आमची मंडळी, कोण म्हणत आलं जन्मभर? पोरगी दुसरीकडनं कुठनं शिकंल?"

पाळकसाहेबांनी झगा सुलटा करायचा प्रयत्न केला आणि डोकं बाहीत अडकवलं. आतनंच ते म्हणाले, "साहेबांचा हुकूम हाय, आत्याबाई. माझ्या हातात काय हाय?"

"बाही हाय. ती सोडा आधी."

भामाबाई आतापर्यंत दारात उभी होती, हातात डाव, पदर खोचलेला. चुलीच्या धगीनं तोंड लाल. ती आत आली.

"म्या एक इचारते. आपण सोताच्या तोंडानं स्वागत केलं का न्हाई? फ्लेक्स लावला, हार घातले, ताशा वाजिवला. आता काय करायचं? हार उतरवून घ्यायचे? मटण परत बोकड व्हत न्हाई, पाळकसाहेब."

बोकड म्हटल्यावर उमाबाईनं खिडकीतनं चुलीकडं बघितलं. तिचं भाषण ऐकणारा एकुलता एक जीव आता पातेल्यात होता.

"पण साठ जणांचं रांधलंय," भामाबाई पुढं म्हणाली. "आणि पाहुणी एक. ती ताकदीची दिसती, तरी पण एक."

तेव्हा दीपाली दारातनं हळू म्हणाली, "आत्या, आजून काहीजण हायत. माझ्यासारखे, इथलेच, उदगीरातले. कुणी बोलवत न्हाई त्यान्ला कुठं. बोलवू का?"

तिला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं होतं. पाळक रामकिशन बाहीतनं बाहेर आले, केस उभे, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी वेगळंच होतं, लहानपणी पाठ केलेलं आत्ता कळल्यासारखं.

"बायबलातला मेजवानीचा दाखला," ते म्हणाले. "दर वर्षी सांगतो म्या. बोलावलेले आले न्हाईत, तवा रस्त्यावरनं माणसं आणली. आणायला जायचं कुणी, ते कधी सांगितलं न्हाई." त्यांनी घाम पुसला. "दोन टमटम रिकाम्या उभ्याच हायत का?"

"हायत," उमाबाई म्हणाली.

"पाठवा."

"पाळक!" चंद्रप्पा ओरडला.

"पंच, फुगे लावलेलेच हायत," पाळक म्हणाले, आणि स्वतःच्याच धाडसानं दचकून खाली बसले.

उपासना सुरू झाली. वेदीपुढं भोपळे, ज्वारीची कणसं, सोयाबीनची पोती, एक बांधलेली कोंबडी. पहिलं गीत संपत होतं तोवर टमटम परत आल्या. दारात सात-आठ जण उभे राहिले, आत पाऊल टाकू का नको असे. धान्याच्या मोंढ्यात हमाली करणारी दोन पोरं. कॉलेजातली एक बारीक पोरगी. आणि सगळ्यांच्या पुढं, गळ्यात मोजायची टेप तशीच, अंगद टेलर, आणि त्याच्या शेजारी गेली कित्येक वर्षं त्याचा 'पार्टनर' म्हणून दुकानात बसणारा देगलूरचा माणूस.

वेदीवरचं पांढरं कापड अंगदनंच शिवलेलं होतं. कापड आत, शिवणारा बाहेर. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या, कारण सगळ्यांचे ब्लाउज त्याच्याकडंच होते.

"अंगद?" भामाबाई रांगेतनं कुजबुजली, पण तिची कुजबुज पाण्याच्या टाकीपर्यंत जाते. "तू पण?"

"हाव, मावशी."

"आणि हे पार्टनर म्हंजी... दुकानातले न्हाई?"

"दुकानात बी हायत, मावशी."

भामाबाईनं क्षणभर विचार केला. मग तिनं रांगेत सरकून जागा केली. "बस हितं. आणि माझा निळा ब्लाउज कधी दिऊन राहिलास? सण निघून गेला की."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग ते सगळ्या चर्चभर पसरलं, पेटी वाजवणारी पोरगी सूर सोडून हसली, कोंबडी ओरडायला लागली, आणि नव्यानं आलेले ते सात-आठ जण हसत हसत जागा मिळेल तिथं बसले. कुणी दोघांनी आपली पोरं मांडीवर घेतली, कुणी गीताचं पुस्तक पुढं सरकवलं, पान काढून दिलं. मागच्या रांगेतला एक कर्मठ म्हातारा तेवढा उठून बाहेर गेला. पण मटणाच्या वासानं तो फाटकापर्यंतच जाऊ शकला.

उमाबाईचं लक्ष चंद्रप्पावर होतं. तो हसला नव्हता.

प्रभुभोजन आलं. पाळकांनी भाकर मोडली. चंद्रप्पानं ट्रे उचलला. पहिली रांग, दुसरी रांग. तिसरीत दीपाली, तिच्या एका बाजूला उमाबाई, दुसऱ्या बाजूला लुंबिनी. लुंबिनीनं हात मांडीवर ठेवले होते. तिनं आधीच सांगून टाकलेलं, "मी बुद्धाची लेक, मी हे न्हाई घेत. पण आत्या, मटण दोनदा घेणार." दीपालीनं हात अजून वर उचलला नव्हता. एकदा हवेत राहिलेला हात पुन्हा लवकर उठत नसतो.

चंद्रप्पा तिसऱ्या रांगेशी आला.

आणि भिंतीवरचा साउंडबॉक्स कडाडला.

गीतांचं संगीत पाळकांच्या मोबाइलवरनं बॉक्समध्ये सोडलेलं असायचं. मोबाइल बॉक्सला जोडलेला तसाच राहिला होता. पाळकांनी गडबडीत वाजणारा फोन बंद करायला बोट दाबलं, ते भलतीकडंच दाबलं गेलं.

"रामकिशन!" साहेबांचा आवाज सगळ्या चर्चमध्ये, छतापासनं फरशीपर्यंत. "काय चाललंय तिथं? फ्लेक्सचे फोटो आलेत माझ्याकडं. ती मुलगी आलीय म्हणे, आणि बरोबर कुणाला तरी आणलंय. ऐक नीट. तिला मेजावर येऊ द्यायचं नाही. आणि ती दुसरी जी आहे, तिला आवाराबाहेर काढ. ऐकतोयस ना?"

ऐकत सगळेच होते. कोंबडीसुद्धा.

उमाबाई उठली. दोन वर्षं ज्या घडीची वाट बघितली ती अशी भिंतीवर टांगून मिळाली होती. तिनं छाती भरून घेतली.

"तुम्ही..." ती म्हणाली. "तुम्ही चो..."

आणि तिला बोकड आठवला, चघळणं थांबवून बघणारा. पोटातनं जे आलं ते भाषण नव्हतं. तिला हसू आलं, हसण्यात उचकी लागली, उचकीत डोळ्यांतनं पाणी, आणि दोन वर्षांचं पाठांतर एका 'हिक्'मध्ये निघून गेलं. दीपालीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

पण ट्रेमधले पेले किणकिणायला लागले होते. चंद्रप्पा पुढं गेला नव्हता. तो लेकीसमोर उभा होता, एवढा जवळ की ट्रेची कड तिच्या गुडघ्याला लागत होती.

"घे," तो म्हणाला.

"अप्पा, साहेब बोलून..."

"साहेब बोलू दे. तू घे."

दीपालीचा हात वर आला. तिनं पेला उचलला. उमाबाईनं तो हात बघितला, तो ट्रे बघितला, आणि उचकी आपोआप थांबली. चंद्रप्पानं लुंबिनीकडं बघितलं. ती हारांच्या खुणा अजून गळ्याला घेऊन ताठ बसली होती.

"तुम्हाला मागनं वाढतो," तो तिला म्हणाला. "वांगं चालतं का?"

"समदं चालतं, अप्पा."

"आमच्या मंडळीला चालायचं न्हाई," चंद्रप्पा म्हणाला. आणि मग तो साउंडबॉक्सकडं वळला, जणू साहेब त्या काळ्या डब्यातच बसलेले असावेत.

"साहेब, पंच चंद्रप्पा बोलून राहिलो."

"चंद्रप्पा? हे सगळ्यांना ऐकू..."

"हाव. समद्यान्ला. मागल्या बारीला तुम्ही सांगितलाव, म्या ट्रे पुढं नेला. आज न्हाई नेला. आता म्या इचारतो, तुम्ही सांगा. माझी बायको गेली तवा खड्डा खणायला कोण आलतं? हे हितं बसलेले. आज साठ जणांचं कुणी रांधलं? ह्यांनी. ह्या वेदीचं कापड कुणी शिवलं? तो बघा, तिथं बसलाय, टेप घालून. तुम्ही उदगीरला एकदा तरी आलाव का, साहेब? आम्ही ह्या समद्यान्ला मंडळी म्हणून राहिलो, तुम्ही बी मंडळी म्हणता. तर मला सांगा, ही मंडळी कुणाची? प्रभूची का तुमची?"

बॉक्स घरघरला. फाटकाशी गेलेला तो कर्मठ म्हातारा आता दारातनं डोकं आत घालून उभा होता.

"चंद्रप्पा, हे बघा, असं आहे..."

"कसं हाय ते नंतर सांगा. आधी इचारलेलं सांगा," चंद्रप्पा म्हणाला, आणि ट्रे छातीशी घट्ट धरला. "फोन ठिवू नका. मटण गार व्हऊन राहिलंय, आक्खी मंडळी वाट बघून राहिली. बोला, साहेब. कुणाची?"